नाव बदललं, तरी दार उघडलं नाही: उत्तर मॅसेडोनिया आणि युरोपीय महासंघाची उमेदवारी

शिसपेन्सिल (धागाकर्ता)

३० सप्टेंबर २०१८ ला मॅसेडोनियाच्या मतदारांना जी मतपत्रिका मिळाली तिच्यावर एकच प्रश्न होता: मॅसेडोनिया आणि ग्रीस यांच्यातला करार स्वीकारून युरोपीय महासंघ आणि नाटोचं सदस्यत्व घ्यायला तुमचा पाठिंबा आहे का? खाली 'हो' आणि 'नाही'. देशाचं नाव बदलणार होतं, पण नवं नाव त्या वाक्यात कुठेच नाही. आधी बक्षीस, आणि किंमत 'करार' या एका शब्दाआड.

हा धागा त्या वाक्यावरच काढलाय. ईयूच्या (युरोपीय महासंघाच्या) उमेदवार देशांबद्दल बोलताना आपण आमिष किती मोठं एवढंच मोजतो. मला वाटतं आमिषाचा आकार दुय्यम आहे. किंमत कोण मोजतो, निवडणुकीच्या आधी की नंतर, आणि मोजल्यावर माल हातात पडेल याची हमी कोण देतो, यावर गाडी पुढे सरकते किंवा अडते. उत्तर मॅसेडोनियात हे सगळं इतकं उघड दिसतं की त्यांची कीव येते.

ज्यांनी बातम्या सोडून दिल्या होत्या त्यांच्यासाठी: १९९१ ला देश युगोस्लाव्हियातून बाहेर पडला आणि ग्रीसने हरकत घेतली, की मॅसेडोनिया हे आमच्या उत्तरेकडच्या प्रांताचं नाव आहे. १९९३ ला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो 'पूर्वीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया' या तात्पुरत्या नावाने. डिसेंबर २००५ ला ईयूची उमेदवारी मिळाली. २००९ मध्ये युरोपीय आयोगाने वाटाघाटी सुरू करा अशी शिफारस केली आणि पुढेही करत राहिला, ग्रीस अडवत राहिला. त्याआधी एप्रिल २००८ ला बुखारेस्टच्या परिषदेत नाटोचं दारही असंच अडवलं होतं. ५ डिसेंबर २०११ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की ग्रीसने १९९५ चा अंतरिम करार मोडला. उपयोग शून्य. ईयूत एकमत लागतं, आणि कोर्टाच्या निकालाने कुणाचा हात वर होत नाही.

दार बंद आहे याचा घरात फायदा घेणारा माणूस होता निकोला ग्रुएव्स्की. २००६ पासून जवळजवळ दहा वर्षं पंतप्रधान. सुधारणा करून काही मिळणारच नसेल तर न्यायालयं मोकळी सोडायची कशाला, पोलीस हातचे घालवायचे कशाला? त्यापेक्षा पुतळे स्वस्त (तेही स्वस्त नव्हतेच म्हणा). 'स्कोप्ये २०१४' या प्रकल्पात राजधानी संगमरवरी दर्शनी भिंतींनी आणि पुतळ्यांनी भरून काढली. २०११ मध्ये मुख्य चौकात अलेक्झांडर उभा केला आणि ग्रीसने ओरडू नये म्हणून कागदोपत्री नाव ठेवलं 'घोड्यावरचा योद्धा'. ग्रीस ओरडायचा तो ओरडलाच, आणि ग्रुएव्स्कीला मतं मिळायची ती मिळाली.

२०१५ मध्ये विरोधी पक्षनेते झोरान झाएव यांनी सरकारी फोन-टॅपिंगच्या ध्वनिफिती एकेक करून बाहेर काढल्या, पेच चिघळला, ईयूच्या मध्यस्थीने प्रझिनो करार झाला, डिसेंबर २०१६ ला निवडणूक. २७ एप्रिल २०१७ ला जमावाने संसदेत घुसून झाएव यांच्यासह खासदारांना रक्तबंबाळ केलं. महिन्याभराने झाएव पंतप्रधान झाले. १७ जून २०१८ ला प्रेस्पा तलावाच्या काठी ग्रीसशी नावबदलाचा करार. सार्वमतात मतदान ३६.९ टक्के, लागत होतं ५० टक्क्यांहून जास्त. 'हो' म्हणणारे ९१ टक्के. सार्वमत सल्ल्यापुरतं होतं असं म्हणत सरकारने घटनादुरुस्ती संसदेतून नेली: १२० पैकी दोन तृतीयांश, म्हणजे ८० मतं. १९ ऑक्टोबरला बरोबर ८० पडली, ११ जानेवारी २०१९ ला ८१.

ग्रुएव्स्कींच्या पक्षाच्या, म्हणजे व्हीएमआरओच्या, आघाडीचे ५१ खासदार होते. ८० चा आकडा त्यातले आठ फुटले म्हणून गाठता आला. आणि त्यातल्या काहींवर २७ एप्रिलच्याच हल्ल्याच्या प्रकरणात खटले चालू होते. डिसेंबरमध्ये त्या प्रकरणासाठी माफीचा कायदा झाला. 'कायद्याचं राज्य' हा ज्या क्लबचा पहिला निकष, त्याचं दार ठोठावण्यासाठी हा रस्ता घ्यावा लागला. मी झाएवना दोष देत नाही. ८० कुठून आणणार होते?

नाटोने शब्द पाळला, २७ मार्च २०२० ला सदस्यत्व. ईयूने? ऑक्टोबर २०१९ ला फ्रान्सने अडवलं (आधी आमची प्रवेशाची पद्धत बदला). मार्च २०२० ला वाटाघाटींना तत्त्वतः होकार. नोव्हेंबर २०२० ला बल्गेरियाने अडवलं. आता पुन्हा घटनादुरुस्ती, पुन्हा ८०.

ज्यांना स्लोवाकिया, क्रोएशिया, सायप्रस माहीत आहेत त्यांनी लिहा. प्रत्येक ठिकाणी घरच्या राजकारणाने काय केलं ते हवंय.

—

टवाळखोर

लग्नात मुलीचं नाव बदलतात हे ऐकलं होतं. इथे नाव बदललं, पत्रिका छापली, आणि बैठकीला मुलाकडचे म्हणतात की आमच्या धाकट्या मामांना विचारायचं राहिलं.

—

घाटमाथा

धागा आवडला, पण थोडा असहमत. 'हमी कोण देतो' याला तुम्ही फार वजन देताय. हमी होती तेव्हाही सगळीकडे गाडी चालली नाही. स्लोवाकिया बघा.

जुलै १९९७ च्या आयोगाच्या अहवालात राजकीय निकषावर नापास झालेला स्लोवाकिया एकटाच. त्या वर्षी डिसेंबरमध्ये लक्झेंबर्गला वाटाघाटींसाठी पोलंड, हंगेरी, चेक, स्लोव्हेनिया, एस्टोनिया आणि सायप्रस निवडले, स्लोवाकियाला बाहेर ठेवलं. पंतप्रधान व्लादिमीर मेचिआर यांच्यावर याचा ढिम्म परिणाम नाही. का व्हावा? ईयूच्या अटी म्हणजे गुप्तचर खात्यावरची पकड सोडा, विरोधकांना संसदीय समित्यांवर घ्या. त्या पाळल्या तर खुर्ची जाते. खुर्ची घालवून मिळणारं बक्षीस कुणाला हवंय?

फरक पडला तो मतदारांवर आणि विरोधकांवर. मे १९९८ मध्ये मेचिआर यांनी निवडणूक कायदा असा बदलला की आघाडीतल्या प्रत्येक पक्षाने स्वतंत्रपणे ५ टक्के मतं घेतली पाहिजेत. विरोधकांची पाच पक्षांची आघाडी होती. त्यांनी सरळ एक पक्ष म्हणून नोंदणी केली. हंगेरियन अल्पसंख्याकांच्या तीन पक्षांनीही तेच केलं. म्हणजे फोडायला केलेल्या कायद्याने जोडलं. सप्टेंबर १९९८ ला मतदान ८४ टक्के. मेचिआर यांचा पक्ष २७ टक्के मतं घेऊन पहिला आला, ४३ जागा, पण सोबतीला कोणी पुरेसं नाही. विरोधी आघाडीचे नेते झुरिंदा यांनी चार गट मिळून १५० पैकी ९३ जागांचं सरकार केलं, त्यात हंगेरियन पक्षही आत. जुलै १९९९ ला अल्पसंख्याकांच्या भाषेचा कायदा, डिसेंबरला हेलसिंकीत वाटाघाटींचं निमंत्रण, फेब्रुवारी २००० ला सुरुवात, डिसेंबर २००२ ला सगळे चॅप्टर (वाटाघाटींचे विषय) बंद. दोन वर्षं मागून निघून पहिल्या गटाबरोबरच १ मे २००४ ला आत.

आमिष तेच, हमी तीच. बदललं ते सरकार.

—

शिसपेन्सिल

@घाटमाथा, माहिती पक्की आहे, निष्कर्षाशी भांडतो. झुरिंदांना किंमत मोजायची होती ती मेचिआर यांच्या खिशातून! गुप्तचर खातं साफ करा, समित्या खुल्या करा, यात नव्या सरकारचं काही जात नव्हतं, उलट फायदाच होता. झाएवना स्वतःच्या मतदारांकडून किंमत घ्यायची होती, आणि तीही नावाची. आणि हेलसिंकीचं निमंत्रण सत्तेवर आल्यापासून सव्वा वर्षात आलं. झाएवना कराराच्या सव्वा वर्षानंतर काय मिळालं? फ्रान्सचा नकार. तिथे पत संपली.

—

भोचकभवानी

एक बाळबोध शंका. ३६.९ टक्के म्हणजे लोकांना करार नकोच होता असं सरळ का म्हणत नाही?

—

हिशेबनीस

@भोचकभवानी, शंका बाळबोध नाही. मतदारयादीत सुमारे १८ लाख नावं होती. २०२१ च्या जनगणनेत देशात राहणारी माणसं निघाली १८ लाख ३६ हजार, तान्ह्या बाळांसकट. म्हणजे यादीतली कित्येक लाख नावं जर्मनी, स्वित्झर्लंड, इटलीत राहतात, पण यादीवरून काढलेली नाहीत. ५० टक्क्यांसाठी ९ लाखांवर माणसं केंद्रावर यायला हवी होती. आली ६ लाख ६६ हजार, त्यातले ६ लाख ९ हजार 'हो' म्हणाले.

अशी अट असली की विरोधकांना 'नाही' असा प्रचार करावा लागत नाही. 'घरी बसा' एवढं पुरतं. घरी बसलेला, परदेशी गेलेला आणि वारलेला, तिघेही एकाच बाजूला मोजले जातात. विरोधी पक्षाने अधिकृत बहिष्कारही पुकारला नाही, 'सदसद्विवेकाने वागा' म्हणून सोडून दिलं. राष्ट्राध्यक्ष इव्हानोव्ह यांनी मात्र आपण मत देणार नाही असं जाहीर सांगितलं.

आता याची उलटी बाजू. मोल्दोवात २० ऑक्टोबर २०२४ ला ईयूचं ध्येय घटनेत घालायचं का यावर सार्वमत झालं. वैधतेसाठी एक तृतीयांश मतदान पुरेसं. निकाल ५०.३५ टक्के 'हो'. देशातल्या मतांत 'नाही' पुढे होतं, परदेशातल्या केंद्रांवरच्या मतांनी पारडं फिरवलं. परदेशी गेलेल्यांनी एका देशात सार्वमत बुडवलं, दुसऱ्यात तारलं. फरक नियमाचा.

—

कायदेपंडित_नव्हे

नियमांवरून आठवलं, क्रोएशियाने हे आधीच ओळखलं होतं. त्यांच्या घटनेत ईयूसारख्या विषयावरच्या सार्वमतात एकूण नोंदलेल्या मतदारांचं बहुमत लागायचं. जून २०१० ला घटनादुरुस्ती करून ते 'मतदान करणाऱ्यांचं बहुमत' असं केलं. २२ जानेवारी २०१२ ला मतदान झालं ४३.५ टक्के, 'हो' ६६ टक्के. जुन्या नियमाने हिशेब करा: एकूण मतदारांपैकी जेमतेम २९ टक्के. साफ पडलं असतं. पोलंडने २००३ मध्ये ५० टक्क्यांची अट ठेवली पण मतदान दोन दिवस घेतलं (७ आणि ८ जून) आणि ५८.८५ टक्क्यांवर निभावलं. पहिल्या दिवशी न आलेला दुसऱ्या दिवशी तरी यावा हा साधा विचार.

क्रोएशियात किंमत नावाची नव्हती, पण हलकीही नव्हती. वाटाघाटी १७ मार्च २००५ ला सुरू व्हायच्या होत्या. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात हवे असलेले जनरल अँटे गोतोविना सापडत नाहीत आणि सरकार शोधत नाही, म्हणून आदल्या दिवशी पुढे ढकलल्या. देशाच्या दृष्टीने तो युद्धनायक. सरकार एचडीझेचं, म्हणजे पहिले राष्ट्राध्यक्ष तुज्मन यांचाच राष्ट्रवादी पक्ष. ३ ऑक्टोबरला हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाच्या मुख्य सरकारी वकील कार्ला देल पोंते यांनी 'पूर्ण सहकार्य आहे' असा शेरा दिला, त्याच रात्री वाटाघाटी उघडल्या. डिसेंबरमध्ये गोतोविना कॅनरी बेटांवर पकडले गेले. राष्ट्रवादी पक्षानेच हे केल्यामुळे उजवीकडून ओरडायला कुणी मोठं उरलं नाही. झाएव यांच्याकडे ती सोय नव्हती.

(अवांतर: २०१२ मध्ये अपिलात गोतोविना निर्दोष सुटले. क्रोएशिया तेव्हा प्रवेशापासून सात महिने दूर होता.)

आणि शेजाऱ्याने अडवणं हा काही ग्रीसचा शोध नाही. स्लोव्हेनियाने पिरानच्या आखातातल्या सीमेवरून २००८ च्या अखेरीपासून क्रोएशियाचे चॅप्टर अडवून धरले. नोव्हेंबर २००९ ला लवादाचा करार झाला, तो स्लोव्हेनियातही सार्वमताला गेला आणि जून २०१० ला ५१.५ टक्क्यांनी जेमतेम सुटला. घरचं राजकारण म्हणताना आपण उमेदवाराचं घर बघतो. आतल्या सदस्याच्या घरातही तितकीच भांडी वाजतात.

—

पाटीपूजन

अडवता येतं ते नेमकं कुठे कुठे? एकदा होकार दिल्यावर पुन्हा कसं अडवतात हे कळत नाही.

—

कायदेपंडित_नव्हे

@पाटीपूजन, कागदाचा प्रवास सांगतो म्हणजे कळेल. ईयूचे सगळे कायदे ३५ चॅप्टरमध्ये विभागलेत. आधी स्क्रीनिंग: आयोगाचे अधिकारी उमेदवार देशाच्या खात्यांबरोबर बसून ओळीने तपासतात की कुठला कायदा जुळतो, कुठला नाही. त्याचा अहवाल सदस्य देशांकडे. इथे पहिली संधी: अहवालच मंजूर करायचा नाही, किंवा 'उघडण्याच्या अटी' वाढवायच्या. अटी पूर्ण झाल्या असा आयोगाचा शेरा, त्यावर पुन्हा सगळ्यांची मान्यता. मग उमेदवाराने आपली भूमिका लेखी द्यायची, सदस्यांनी सामायिक भूमिका ठरवायची. ती आधी विस्तारासाठीच्या कार्यगटात, मग राजदूतांच्या समितीत, मग मंत्र्यांकडे जाते. प्रत्येक टप्प्यावर एकमत. नंतर परिषद भरवून चॅप्टर 'उघडला' म्हणायचं. मिटवताना हाच फेरा परत, आणि मिटवणंही 'तात्पुरतं'. नुसतं उघडणं आणि मिटवणं धरलं तरी सत्तर वेळा प्रत्येक सदस्याला 'नाही' म्हणता येतं. शेवटी करार, युरोपीय संसदेची संमती आणि प्रत्येक देशात मंजुरी.

२०२० पासून चॅप्टर सहा गटांत बांधले. उघडताना गट एकदम उघडतो, म्हणजे तिथे संधी कमी झाली. पण 'मूलभूत बाबी' या गटात न्यायव्यवस्था (२३) आणि गृह-न्याय (२४) हे चॅप्टर आले, आणि तो गट सगळ्यात आधी उघडायचा, सगळ्यात शेवटी मिटवायचा. २३ आणि २४ च्या मधल्या अटी पूर्ण झाल्याचा अहवाल येत नाही तोवर बाकी चॅप्टर मिटत नाहीत. माँटेनेग्रोचं यातच लोणचं झालं. जून २०१२ ला वाटाघाटी सुरू, जून २०२० पर्यंत सगळे चॅप्टर उघडून झाले, मिटलेले मात्र तीन. हा मधला अहवाल मिळाला जून २०२४ ला, तोही तिथले नेते जुकानोविच यांची तीस वर्षांची सद्दी संपल्यावर. उघडलेल्या चॅप्टरांचा आकडा नेत्याला निवडणुकीत मिरवायला बरा असतो. न्यायाधीश मोकळे सोडायचे तर तोच नेता आधी गोत्यात.

—

दर्याकिनारी

सायप्रस. धागाकर्त्याच्या मुद्द्याला सगळ्यात स्वच्छ पुरावा तोच.

डिसेंबर १९९९ ला हेलसिंकीत ठरलं की बेटाच्या ग्रीक आणि तुर्की भागांतला तंटा सुटणं ही प्रवेशाची पूर्वअट नसेल. ग्रीसने त्याशिवाय संपूर्ण विस्तारच अडवला असता. २४ एप्रिल २००४ ला बेट पुन्हा एक करायच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान आराखड्यावर दोन्ही बाजूंना सार्वमत. तुर्की सायप्रियट ६५ टक्के 'हो', ग्रीक सायप्रियट ७६ टक्के 'नाही'. आठवड्याभरात, १ मे ला, 'नाही' म्हणणारे आत आणि 'हो' म्हणणारे बाहेर. बक्षीस आगाऊ देऊन टाकल्यावर ग्रीक बाजूने तडजोड कशासाठी करावी?

आणि आत गेल्यावर तोच सदस्य तुर्कीसमोर दारात बसला. तुर्कीच्या वाटाघाटी ३ ऑक्टोबर २००५ ला सुरू झाल्या, सायप्रसच्या जहाजांना बंदरं उघडेनात म्हणून डिसेंबर २००६ ला आठ चॅप्टर गोठवले, पुढे सायप्रसने स्वतःहून आणखी सहा अडवले. आजवर उघडले १६, मिटला १: विज्ञान आणि संशोधन.

—

टवाळखोर

चाळीत खोली मिळाली की पहिलं काम म्हणजे नळावर पुढच्या भाडेकरूला उभं करायचं नाही. हे युरोपात पण?

—

हिशेबनीस

पैशाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. २००४ च्या तुकडीला शेती अनुदानसुद्धा पूर्ण मिळालं नव्हतं. थेट अनुदान जुन्या सदस्यांच्या २५ टक्क्यांपासून सुरू, मग ३०, ३५, आणि असं करत २०१३ ला १०० टक्के. पोलंडने उलट अट घालून घेतली, की परदेशी माणसाला शेतजमीन विकण्यावर बारा वर्षं निर्बंध राहतील. शेतकऱ्यांच्या पक्षांना घरी दाखवायला हीच गोष्ट होती. सौदा असा असतो: अनुदानात मार खा, पण जमीन गेली नाही एवढं गावात सांगता आलं पाहिजे.

पश्चिम बाल्कनला आता २०२४ ते २०२७ साठी ६ अब्ज युरोची वाढ योजना आहे. २ अब्ज अनुदान, ४ अब्ज स्वस्त कर्ज, सहा देशांत. सर्बियाचा वाटा दीड अब्जाच्या वर, उत्तर मॅसेडोनियाचा सुमारे ७५ कोटी. ७ टक्के उचल आधी, बाकी हप्ते वर्षातून दोनदा, आणि प्रत्येक हप्ता ठरावीक सुधारणांना बांधलेला. सुधारणा मुदतीत झाली नाही तर तेवढी रक्कम कापली जाते. कल्पना चांगली आहे, बक्षिसाचे तुकडे करून आधी द्या. पण हे पैसे मिळतात अर्थखात्याला. घटनादुरुस्तीला मत देणाऱ्या खासदाराला गावात शिव्या खाव्या लागतात, त्याला त्यातून काय?

सामान्य माणसाला कळणारं बक्षीस म्हणजे व्हिसाशिवाय प्रवास. ते सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसेडोनियाला १९ डिसेंबर २००९ लाच देऊन झालंय. सगळ्यात चांगला मोहरा सगळ्यात आधी खर्च केला.

—

दर्याकिनारी

व्हिसाच्या पुढची पायरी पासपोर्ट. बल्गेरिया २००७ ला आत आल्यापासून हजारो मॅसेडोनियन नागरिकांनी 'बल्गेरियन मूळ' असल्याचं लिहून देऊन बल्गेरियन पासपोर्ट घेतले. माजी पंतप्रधान ल्युब्चो गेओर्गिएव्स्की यांनीसुद्धा नागरिकत्व घेतलं. देश बाहेर, माणूस आत.

गोव्यातल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करता येते, आणि पोर्तुगाल १९८६ ला आत आल्यामुळे त्या पासपोर्टवर ब्रेक्झिटपूर्वी इंग्लंडमधल्या स्विंडनपर्यंत वस्ती गेली. फरक एवढाच की गोव्यात त्यासाठी 'मी पोर्तुगीज वंशाचा' असं लिहून द्यावं लागत नाही. मॅसेडोनियात लागतं, आणि बल्गेरिया तेच अर्ज पुढे करून म्हणतो, बघा, किती बल्गेरियन आहेत तुमच्याकडे.

—

भोचकभवानी

मग बल्गेरियाला हवंय तरी काय? ग्रीसचा आक्षेप नावावर होता हे कळलं.

—

शिसपेन्सिल

@भोचकभवानी, मुळात तीन-चार गोष्टी एकत्र: मॅसेडोनियन भाषा ही बल्गेरियनचीच शाखा आहे हे माना, गोत्से देल्चेव्हसारखे वीर कुणाचे हे संयुक्त इतिहास समितीत ठरवा, पाठ्यपुस्तकं बदला, आणि घटनेच्या प्रस्तावनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख करा. ऑगस्ट २०१७ चा मैत्री करार होताच, इतिहास समिती त्यातूनच आली. मग २०२० लाच का अडवलं? सोफियात पंतप्रधान बोरिसोव्ह यांच्या सरकारात राष्ट्रवादी पक्ष होता, त्याचा नेता संरक्षणमंत्री, आणि वसंतात निवडणूक. निवडणूक झाली, सरकार गेलं, पण नकाराधिकार राहिला. बल्गेरियात २०२१ ते २०२३ मध्ये पाच निवडणुका झाल्या. स्कोप्येने बोलायचं कुणाशी?

जून २०२२ ला फ्रान्सने मधला मार्ग काढला. बल्गेरियन संसदेने २४ जूनला १७० मतांनी मान्य केला, म्हणजे पेत्कोव्ह यांचं सरकार अविश्वास ठरावात पडल्यावर दोन दिवसांनी. स्कोप्येत रस्त्यावर निदर्शनं, तरी १६ जुलैला ६८ मतांनी मंजूर. १९ जुलैला पहिली परिषद झाली आणि स्क्रीनिंग सुरू. पण पहिला गट उघडायलाही घटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख हवा. २०२१ च्या जनगणनेत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे ३,५०४. एवढ्या लोकांचं नाव प्रस्तावनेत घालायला एरवी कुणाची ना नसती. पण ८० मतं लागतात, आणि २०१८ मध्ये जे आठ फुटले त्यांचं पुढे काय झालं ते बाकीच्यांनी बघितलंय.

मे २०२४ ला लोकांनी व्हीएमआरओला १२० पैकी ५८ जागा दिल्या. नवे पंतप्रधान मिकोस्की म्हणतात, दुरुस्ती करू, पण अमलात येईल ती ईयूत प्रवेश मिळेल तेव्हा. ब्रसेल्स म्हणतं, आधी करा.

—

घाटमाथा

इथे मी धागाकर्त्याच्या जवळ येतो. मिकोस्की यांची मागणी हट्टाची वाटते, पण ती किंमत आणि माल एकाच वेळी टेबलावर ठेवा एवढंच सांगते. एकदा नाव देऊन फसलेला माणूस दुसऱ्यांदा उधारीवर देईल का? ब्रसेल्सचीही बाजू आहे: आराखड्यात लिहिलंय की ही दुरुस्ती झाली की पुढची परिषद नवा राजकीय निर्णय न घेता भरवायची. लिहिलंय खरं. २०१८ पूर्वीही बरंच काही लिहिलेलं होतं.

शेजारी अल्बेनिया बघा. दोघांच्या फायली एकत्र बांधलेल्या होत्या. सप्टेंबर २०२४ ला वेगळ्या केल्या, १५ ऑक्टोबरला पहिला गट उघडला, आणि नोव्हेंबर २०२५ पर्यंत सहाही. अल्बेनियाने किंमत मोजली ती न्यायव्यवस्थेत. जुलै २०१६ ला संसदेने १४० पैकी १४० मतांनी घटना बदलली, आणि सुमारे ८०० न्यायाधीश आणि सरकारी वकिलांची तपासणी लावली: मालमत्ता कुठून आली, गुन्हेगारांशी संबंध, आणि कामाची पात्रता. मालमत्तेवर बरेच गेले, कित्येकांनी आधीच राजीनामे दिले. नियोजनात चूक अशी की रिकाम्या जागा भरायची यंत्रणा मागे राहिली. घटना न्यायालयात पुरेसे न्यायाधीशच उरले नाहीत, २०१८ पासून दोनेक वर्षं गणपूर्ती नाही. खालच्या कोर्टांत खटल्यांचे ढीग. पण २०१९ मध्ये उभी राहिलेली भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा फेब्रुवारी २०२५ ला तिरानाच्या सत्ताधारी महापौरांना अटक करू शकली. मुख्य म्हणजे अडवणारा शेजारी त्या वाटेवर फारसा नव्हता. ग्रीसने बेलेरी प्रकरणात (अल्बेनियात अटक झालेला ग्रीकवंशीय महापौर) थोडी कुरकुर केली, तेवढीच.

—

टवाळखोर

आमच्याकडे सोसायटीची घटना दुरुस्त करायला दोन तृतीयांश जमत नाहीत. हे दर चार वर्षांनी देशाची करतात.

—

पाटीपूजन

शेवटची शंका. नाव बदललं म्हणता, मग पासपोर्ट, पाट्या, सातबारा, सगळं बदललं का?

—

कायदेपंडित_नव्हे

@पाटीपूजन, प्रेस्पा कराराची सगळ्यात चलाख कलमं तीच आहेत. परदेशात वापरायची कागदपत्रं पाच वर्षांत बदलायची. त्यामुळे जुन्या नावाचे पासपोर्ट १२ फेब्रुवारी २०२४ नंतर चालेनासे झाले आणि शेवटच्या महिन्यांत कार्यालयांसमोर रांगा लागल्या. गाड्यांच्या पाटीवर एमके जाऊन एनएमके आलं. बाकी सगळीकडे देशाचे संकेत एमके आणि एमकेडी तसेच ठेवले, म्हणून इंटरनेटचा पत्ता वाचला.

देशातल्या देशात वापरायच्या जुन्या कागदपत्रांचं वेगळं. त्यांचं घड्याळ ईयूच्या वाटाघाटींना बांधलंय: त्या त्या विषयाचा चॅप्टर उघडला की तिथून पाच वर्षं. ग्रीसला वाटलं, ईयूला जितके जवळ येतील तितकं नाव पक्कं होईल. झाएवना वाटलं, आधी बक्षीस दिसू दे, मग घरातले कागद बदलू. दोघांनी मिळून घातलेली ही एकच अट अशी की जिच्यात किंमत बक्षिसाच्या मागून येते.

चॅप्टर एकही उघडलेला नाही. ते घड्याळ अजून शून्यावरच आहे.